स्मारक होईल तेव्हा होईल, आधी शाहू मिलचं फाटक उघडा

प्रति,
मा. आयुक्त व लोकनियुक्त सदस्य, कोल्हापूर महानगरपालिका
मा. जिल्हाधिकारी, कोल्हापूर
मा. व्यवस्थापकीय संचालक, महाराष्ट्र राज्य वस्त्रोद्योग महामंडळ

विषय : राजर्षी शाहू महाराजांचं स्मारक जिथं व्हायचं आहे, त्या शाहू मिल या कापड गिरणीची बंद इमारत टप्प्याटप्प्यानं वापरात आणण्याबाबत

स. न. वि. वि.

पत्र तिघांना एकदम लिहितोय, त्याला कारण आहे. मागे याच विषयावर एक साधा अर्ज घेऊन मी एका कार्यालयात गेलो होतो. त्यांनी दुसऱ्या कार्यालयात पाठवलं, दुसऱ्यांनी तिसऱ्या. तिसऱ्या टेबलावरच्या साहेबांनी अर्ज नीट वाचला, चहा पाजला आणि म्हणाले, "हे पहिल्या ठिकाणीच द्यायला पाहिजे होतं." कार्यालयांची नावं लिहीत नाही, चहा चांगला होता. पण आता तिघांनी एकाच वेळी वाचावं, एवढीच इच्छा.

मे २०२२ ची गोष्ट सांगतो. राजर्षी शाहू महाराजांची स्मृतिशताब्दी होती. ६ मे रोजी सकाळी दहा वाजता सगळं कोल्हापूर शंभर सेकंद जागच्या जागी थांबलं होतं. रिक्षा थांबल्या, भाजीवाले थांबले, सिग्नलला कधीही न थांबणारी पोरंसुद्धा थांबली. त्या निमित्तानं भरलेल्या कृतज्ञता पर्वात शाहू मिल लोकांसाठी उघडली होती आणि तिथं प्रदर्शनं भरली होती. मी आईला घेऊन गेलो. आण्णा, म्हणजे माझे वडील, मिलमध्ये त्रासन खात्यात, म्हणजे सूत कातायच्या खात्यात होते. आईनं वीसएक वर्षं त्यांचा डबा फाटकापर्यंत पोचवला, पण फाटकाच्या आत तिचं पाऊल कधी पडलं नव्हतं. बायकांना आत सोडत नव्हते आणि तिलाही कधी वेळ नसायचा. त्या दिवशी ती आत गेली, प्रदर्शनाकडे पाठ करून भिंतीजवळ उभी राहिली, वर छताकडे बघितलं आणि मला विचारलं, "एवढा आवाज कुठनं यायचा रं?"

मला उत्तर देता आलं नाही. यंत्रं नव्हती, सांगणार काय? पण माणसांचा आवाज होता. कुणी प्रदर्शनातली चप्पल पायात घालून बघत होतं, कुणी जुन्या फोटोत आपला आजा शोधत होतं, पोरं खांबाभोवती शिवाशिवी खेळत होती. बंद पडल्यावर इतक्या वर्षांनी त्या इमारतीला काम मिळालं होतं, तेही बदली कामगारासारखं, काही दिवसांपुरतं. पर्व संपलं, मांडव उतरला, फाटक लागलं.

मिलचा इतिहास आपल्याला माहीत नाही असं नाही. तरी दोन ओळी लिहितो, कारण माझी पुढची मागणी त्यावरच उभी आहे. २७ सप्टेंबर १९०६ रोजी, दसऱ्याच्या दिवशी, महाराजांनी या गिरणीचा पाया घातला. संस्थानातला कापूस संस्थानातच कातला-विणला जावा आणि इथल्या हातांना इथंच काम मिळावं, हा त्यामागचा हिशेब. सुमारे २७ एकर जागा, दगडी बांधकाम, उंच चिमणी आणि भोंगा. आमच्या गल्लीत मनगटी घड्याळं मोजकी होती. भोंगा मात्र सगळ्यांना पुरायचा. त्याच्यावर शाळा सुटायची, दूध यायचं, भांडणंही मिटायची, कारण पाळीला जायची वेळ झालेली असायची. २००३ मध्ये मिल बंद झाली. माझ्या आईनं नंतर बरीच वर्षं सकाळी भोंग्याच्या वेळेला दार उघडून बाहेर बघितलेलं मला आठवतंय.

तेव्हापासून आपण सगळे मिळून त्या जागेवर भव्य स्मारक बांधतो आहोत. भाषणात. दर २६ जूनला, महाराजांच्या जयंतीला, दसरा चौकातल्या पुतळ्याला हार पडतो आणि मिलमधल्या स्मारकाचा विषय निघतो. आराखडा, सुधारित आराखडा, निधी, जागेचं हस्तांतरण, पुन्हा निधी. मी आराखड्यांच्या विरोधात नाही. पण भव्य स्मारकाची वाट बघता बघता खरं स्मारक ढासळतंय आणि त्याची तक्रार कुणाकडे करायची हेसुद्धा ठरलेलं नाही. जागा महामंडळाची, स्मारकाची जबाबदारी शहराची, पैसा मुंबईचा. या तिघांच्या मध्ये ती इमारत पावसात भिजत उभी आहे.

पावसाचं मी ऐकीव बोलत नाही. उद्यमनगरात आमचं छोटं वर्कशॉप आहे. शेजारची एक जुनी शेड भावाभावांच्या वादात दोन वर्षं कुलूपबंद होती. पहिल्या पावसाळ्यात फक्त पन्हळीत पाला अडकला. कुणी काढला नाही, म्हणून पाणी भिंतीत उतरलं. दुसऱ्या पावसाळ्यात त्या ओलीत पिंपळ उगवला, बोटाएवढा. घुशींनी केबल कुरतडली, चोरांनी पत्र्याचे बोल्टसुद्धा नेले. वाद मिटून शेड उघडली तेव्हा दुरुस्तीचा आकडा ऐकून थोरला भाऊ म्हणाला, "विकून टाकूया." त्या दोन वर्षांत तिथं कुणी साधा किराणा माल जरी ठेवला असता, तरी रोज सकाळी एक माणूस आत गेला असता आणि पन्हळ तुंबलेली त्याला दिसली असती. इमारतीची राखण वॉचमनपेक्षा वापर जास्त चांगली करतो, हे मला त्या शेडनं शिकवलं. मिलच्या भिंती आमच्या शेडपेक्षा दसपट जाड आहेत, म्हणून दसपट वर्षं टिकतील इतकंच. आणि दुरुस्ती करायचीच झाली तर त्या जुन्या दगडावर सिमेंटचा गिलावा तेवढा ओतू नका. भिंत चुन्यात बांधलेली असते, तिला श्वास घ्यावा लागतो. वरून सिमेंट थापलं की ओल आत कोंडते आणि दगडच पापुद्र्यांनी सुटू लागतो. हे कुठल्याही जुन्या गवंड्याला विचारा. ठेकेदाराला विचारू नका.

आपण म्हणाल, सरकारी कामाला वेळ लागतोच. लागत नाही साहेब. गेल्याच वर्षी आपल्याच शहरानं ते दाखवून दिलं. सीपीआर रुग्णालयासमोरची न्यायालयाची जुनी वास्तू आठवा. जिल्हा न्यायालय कसबा बावड्याला गेलं आणि तिथली वर्दळ ओसरली. चहावाल्यांनी गाडे हलवले, टायपिंगवाले गेले. मग मुंबई उच्च न्यायालयाच्या सर्किट बेंचचा निर्णय झाला. १ ऑगस्ट २०२५ ला अधिसूचना, १७ ला सरन्यायाधीशांच्या हस्ते उद्घाटन, १८ ला कामकाज सुरू. सहा जिल्ह्यांतल्या वकिलांनी त्यासाठी चाळीसहून अधिक वर्षं लढा दिला, ते वेगळं. पण इमारत तयार करायची वेळ आली तेव्हा कुणी म्हणालं नाही की आधी शेंडा पार्कात कायमची भव्य वास्तू होऊ दे, मग बघू. जुन्या दगडी इमारतीला डागडुजी केली, रंग दिला, तारा ओढल्या आणि न्याय सुरू झाला. आज तिथं सकाळी जा. गाडे परत आलेत.

त्याच्याही मागे जायचं तर टाऊन हॉल घ्या. चार्ल्स मांट यांच्या आराखड्यानुसार १८७२ ते १८७६ मध्ये सभा-समारंभांसाठी बांधलेली ती वास्तू आज संग्रहालय आहे, ब्रह्मपुरीच्या उत्खननात सापडलेल्या वस्तू तिथं मांडल्यात. जुन्या घरात नवं बिऱ्हाड आणायची या गावाला सवय आहे. फक्त मिलच्या बाबतीत आपला हात का आखडतो, ते कळत नाही. कदाचित महाराजांचं नाव आहे म्हणून. छोटं काही केलं तर ते नावाला शोभणार नाही, अशी भीती असावी.

पण महाराजांनी स्वतः काय बांधलं ते बघा. १८९५ ला शाहूपुरीची पेठ वसवली, गुळाचा व्यापार व्हावा म्हणून. दसरा चौकाच्या आजूबाजूला वसतिगृहं उभी केली, पोरांनी शिकावं म्हणून. राधानगरीला धरण, शेतीला पाणी मिळावं म्हणून. १९१२ ला खासबाग, कुस्तीसाठी. तिच्याच शेजारी १९१५ ला पॅलेस थिएटर, नाटकासाठी. यातली एकही वास्तू नुसती बघायला बांधलेली नाही. महाराजांच्या जन्मस्थळी, बावड्याच्या लक्ष्मी-विलास पॅलेसमध्ये, त्यांच्या आठवणी जपण्याचं काम चालूच आहे. नर्सरी बागेत समाधी आहे, चौकात पुतळा आहे. मिलमध्ये आणखी एक पुतळा आणि त्याच्यावर प्रकाश-ध्वनीचा खेळ लावला तर फोटो चांगले येतील. पण तिथं काम चालू झालं तर महाराजांना ते जास्त ओळखीचं वाटेल.

पॅलेस थिएटरचं नाव घेतलंय तर त्याच्यावर जरा थांबतो. ८ ऑगस्ट २०२४ ची रात्र. संगीतसूर्य केशवराव भोसले यांच्या जयंतीच्या आदल्या रात्री त्यांच्याच नावाचं नाट्यगृह, म्हणजे हेच पॅलेस थिएटर, जळत होतं. खासबागेच्या रस्त्यावर लोक रडत उभे होते. नाटकात कधी काम न केलेले लोकसुद्धा. नाट्यगृह पुन्हा उभं करायचं काम हाती घेतलं गेलं, ते योग्यच झालं. पण रंगमंच मिळाला तरी तालमीला जागा लागतेच की. आमच्या ओळखीचा एक हौशी ग्रुप आहे. दिवसा कुणी बँकेत, कुणी फाउंड्रीत. रात्री नऊला जमतात. कधी कुणाच्या गच्चीवर, कधी मंगल कार्यालय रिकामं असेल तर तिथं, आणि लग्नसराईत कुठंच नाही. मागच्या हिवाळ्यात एका गच्चीवर त्यांचा दुसरा अंक चालू होता. खालच्या मजल्यावरच्या आजोबांनी तीनदा निरोप पाठवला, "झोपायचंय." चौथ्या वेळी आजोबा स्वतः वर आले, खुर्चीत बसले आणि अंक संपेपर्यंत उठले नाहीत. गोष्ट गोड आहे, पण नाटक बसवायची ही रीत नव्हे. मिलमधली एक शेड, सपाट जमीन, चार पंखे, पंधरा दिवे आणि एक स्वच्छतागृह. या शहरातल्या निम्म्या नाटकवाल्यांचा प्रश्न तेवढ्यात सुटतो. शाहिरी, लेझीम आणि मर्दानी खेळाच्या आखाड्यांनाही पावसाळ्यात छप्पर लागतंच.

दुसरी शेड चप्पलवाल्यांना द्या असं मी म्हणेन. जून २०२५ मध्ये मिलानच्या रॅम्पवर एका मोठ्या इटालियन कंपनीनं आपल्या चपलेसारखी चप्पल चालवली आणि इथं केवढा गदारोळ झाला! कोल्हापुरीला २०१९ पासून भौगोलिक मानांकन आहे, आम्हाला श्रेय द्या, आम्ही सगळे भांडलो. भांडलो ते बरोबरच. पण बाहेरगावचा माणूस कौतुकानं कोल्हापुरात आला आणि म्हणाला, ही चप्पल बनते कशी ते मला बघायचंय, तर त्याला आपण कुठं नेणार? दुकानात नेऊ. तिथं तळ, कान, वेणी सगळं तयार होऊन टांगलेलं असतं. कातडं कमावण्यापासून वेणी विणण्यापर्यंतचं काम बघायचं तर एखाद्या कारागिराच्या दहा बाय दहाच्या खोलीत, त्याच्या जेवणाच्या ताटाशेजारी उभं राहावं लागतं. मिलमध्ये दहा कारागिरांना कामाची जागा द्या. बघायला येणाऱ्यांना बसायला बाक द्या. शेजारी हुपरीची चांदी, शेजारी साज घडवणारे. विक्री आपोआप होईल. पण भाडं परवडेल एवढंच ठेवा आणि तीन वर्षांचे करार करा, म्हणजे उद्या आतले लोक बाहेर आणि बाहेरचे शोरूमवाले आत, असं होणार नाही.

मुंबईत काय झालं ते आपण पाहिलं आहे. १९९१ च्या नियमात गिरण्यांच्या जमिनीचा एक तृतीयांश वाटा शहराच्या मोकळ्या जागेला आणि एक तृतीयांश म्हाडाच्या घरांना होता. २००१ मध्ये त्यात अशी दुरुस्ती झाली की ही वाटणी फक्त मोकळ्या असलेल्या जमिनीपुरती उरली. वाटणीला जमीनच फारशी राहिली नाही. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती दुरुस्ती कायम ठेवली आणि लोअर परळला काय उभं राहिलं ते डोळ्यांनी दिसतं. तिथल्या एका गिरणीच्या आवारात डिसेंबर २०१७ मध्ये गच्चीवरच्या हॉटेलांना आग लागली, चौदा जीव गेले. म्हणून मिलच्या शेड वापरात आणायच्या असतील तर पहिला खर्च रंगावर करू नका. बाहेर पडायचे रस्ते, विजेचा भार, पाण्याची टाकी, हे आधी. केशवराव नाट्यगृह जळताना बघितलेल्या शहराला हे वेगळं सांगायला नको.

परदेशातलं एक उदाहरण सांगतो, कारण ते आमच्या मे २०२२ सारखंच आहे. ब्राझीलमधल्या साओ पावलो शहरात लोखंडी पिंपांचा एक जुना कारखाना होता. तो पाडून तिथं मोठं केंद्र बांधायचं घाटत होतं. लिना बो बार्दी या वास्तुकार बाई जागा बघायला गेल्या तर सुट्टीच्या दिवशी मोडक्या छताखाली पोरं धावत होती, तरुण फुटबॉल खेळत होते, आया खाणं शिजवत होत्या. बाईंनी ठरवलं, हे असंच राहू द्यायचं. त्यांनी कारखान्याच्या शेड ठेवल्या आणि त्यात वाचनाची जागा, कार्यशाळा, नाट्यगृह आणि खानावळ बसवली. १९८२ पासून ते केंद्र चालू आहे. आपल्या जवळचंच पाहायचं तर कोचीत एकोणिसाव्या शतकातल्या एका व्यापारी कंपनीचं ॲस्पिनवॉल हाऊस हे आवार आहे. २०१२ च्या डिसेंबरात तिथं कला-बिनाले, म्हणजे दर दोन वर्षांनी भरणारं कलाप्रदर्शन, भरलं, जुन्या ओसाड वखारींतच. दालनं चकचकीत व्हायची वाट कुणी पाहिली नाही.

आणि एक शेड, छोटी का होईना, गिरणीची स्वतःची ठेवा. तिथं यंत्रांच्या आधी माणसं हवीत. २००३ ला जो कामगार पंचवीस वर्षांचा होता, तो आज पन्नाशीला टेकलाय. जो पन्नाशीचा होता, तो सत्तरी ओलांडून गेलाय किंवा गेलाच आहे. आण्णा गेले. साचा कसा लावायचा, ताणा, म्हणजे उभा धागा, तुटला की किती वेळात जोडायचा, जॉबरला, म्हणजे खात्यातल्या मुकादमाला, खूश कसं ठेवायचं, बदलीवाल्याला पाळी मिळाली नाही की तो घरी काय सांगायचा, हे सगळं अजून काही जणांच्या तोंडी आहे. विद्यापीठातली चार मुलं, एक रेकॉर्डर आणि एक उन्हाळा, एवढ्यात ते गोळा होईल. इचलकरंजीचे यंत्रमागवालेही त्यात आणा. कापडाची गोष्ट त्यांच्याशिवाय पुरी होत नाही.

अभ्यासिका, बचत गटांचा रविवारचा बाजार, आणखी पुष्कळ सुचवणारे भेटतील. मी यादी करत बसत नाही. मला नको असलेलं तेवढं सांगतो. फूड कोर्ट नको, कारण कोल्हापुरात तांबडा-पांढरा शोधायला कुणाला आजवर अडचण आलेली नाही. आणि 'आय लव्ह कोल्हापूर' अशी लाल अक्षरं नकोत.

पैशाचं म्हणाल तर सगळी मिल एकदम दुरुस्त करा असं मी म्हणतच नाही. एक शेड घ्या. सार्वजनिक बांधकाम खात्याकडून किंवा शहरातल्या इंजिनिअरिंग कॉलेजांकडून तिची ताकद तपासून घ्या. छत आणि पन्हळ्या दुरुस्त करा, वीज-पाणी द्या. तिन्ही कार्यालयांनी मिळून एकाच पानाचा करारनामा करा. तिथल्या भाड्याचा पैसा वेगळ्या खात्यात ठेवा आणि तो फक्त दुसऱ्या शेडच्या छतावर खर्च करा. देखरेखीला एक छोटी समिती नेमा, तिच्यात दोन जुने कामगार घ्या. बाकीचे आपले नेहमीचे लोक असतीलच. तुमचा भव्य आराखडा मंजूर झाला की त्यात ही चालती शेड सामावून घ्या. झाला नाही तर निदान एक शेड तरी वाचलेली असेल.

मुदत मीच सुचवतो. महाराजांनी पाया दसऱ्याला घातला होता. येत्या दसऱ्याला, चौकातला सोनं लुटायचा सोहळा संध्याकाळी असतो, त्याच्या आधी दुपारी चार वाजता, मिलचं फाटक उघडा. कोनशिला नको, फीत नको. आपण तिघांपैकी कुणीही एकानं किल्ली आणली तरी चालेल. मी आईला घेऊन येईन. तिला आता ऐकू कमी येतं, त्यामुळे आत थोडा गोंगाट असला तर बरंच.

कळावे,
आपला,
उद्यमनगरातला एक वर्कशॉपवाला, त्रासन खात्यातल्या एका कामगाराचा मुलगा

ता. क. : भिंतीत कुठं पिंपळ किंवा उंबर उगवलेला दिसला तर नुसता वरून छाटू नका, तो दुप्पट जोमानं येतो. मुळापाशी औषध घालून मारायचा आणि मग फट चुन्यानं भरायची. हे काम करणारा एक माणूस माझ्या ओळखीचा आहे. सांगाल तेव्हा पाठवतो, त्याची मजुरी मी देईन.